रुपया, मजुराची पायली आणि बाबासाहेब

चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून फलक लागतात. घटनेचे शिल्पकार, महाडचे सेनानी, धम्मचक्र फिरवणारे बोधिसत्व, अशा सगळ्या रूपांत बाबासाहेब फलकांवर येतात. अलीकडे त्यात आणखी एक ओळ आली आहे, रिझर्व्ह बँकेचे जनक. ती वाचून छाती फुगते, ते बरोबरच आहे. पण फलकाखाली उभ्या असलेल्या दहा कार्यकर्त्यांना विचारा, की बाबासाहेबांनी रुपयाबद्दल नेमके काय सांगितले होते? दहापैकी नऊ जण एकमेकांकडे पाहतील. मनुवादी प्रसारमाध्यमांनी बाबासाहेबांना फक्त घटनाकार करून ठेवले, कारण तेवढे त्यांना सोयीचे आहे. ज्या माणसाने ऐन तिशीत साम्राज्याच्या चलनव्यवस्थेची चिरफाड केली त्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणायला या देशातल्या विद्वानांची जीभ अजून अडखळते. त्यांचे सोडा. आपण तरी तो ग्रंथ कुठे उघडला? रेपो दराची बातमी आली की आपला वाचक पान उलटतो. ती शेटजींची बातमी आहे, असे आपणच ठरवून टाकले आहे.

म्हणून आज आम्ही बाबासाहेबांचे चरित्र रुपयाच्या अंगाने सांगणार आहोत. सुरुवात लंडनपासून न करता लासूर स्टेशनपासून करू.

गंगापूर तालुक्यातले लासूर स्टेशन हे मनमाड-औरंगाबाद लोहमार्गावरचे बाजाराचे गाव. हा मार्ग निजामाच्या काळात १९०० च्या सुमारास सुरू झाला. कापूस आणि धान्य इथून गाडीत चढायचे, रोटेगाव, नगरसोल करीत मनमाडला जायचे आणि तिथून मुंबईला. नगरसोल इंग्रजांच्या मुलखात, लासूर निजामाच्या. म्हणजे काही स्थानके ओलांडली की राज्य बदले आणि राज्याबरोबर रुपयाही बदले. इकडे चाले तो हाली रुपया, तिकडे चाले तो कलदार. साधारण सात हाली दिले तर सहा कलदार मिळत. आता हिशेब बघा. लासूरच्या कापसाला मुंबईचा व्यापारी कलदारात भाव करणार. मुंबईचा भाव ठरणार इंग्लंडातल्या बाजारावर, म्हणजे शिलिंग-पेन्सात. शिलिंगाचा कलदार होणार, कलदाराचा हाली होणार, आणि शेवटी त्या हालीतून कापूस वेचणाऱ्या बाईच्या पदरात पायलीभर ज्वारी पडणार की अर्धी पायली, हे ठरणार. त्या बाईने लंडन कधी ऐकले नव्हते. पण तिची भाकरी लंडनच्या दरावर टांगलेली होती.

ही टांगलेली भाकरी ज्याला दिसली तो माणूस म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूचा. ते दोन वर्षांचे असताना, जून १८९३ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी घेऊन जावी आणि तिचे रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. १८३५ पासून रुपया हा चांदीचा आणि त्याची किंमत चांदीच्या किमतीएवढी. पण १८७० नंतर युरोपातले देश एकामागून एक सोन्याकडे गेले, चांदी स्वस्त झाली आणि पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया घसरत घसरत सुमारे सव्वा शिलिंगावर आला. इंग्रज सरकारला लंडनमध्ये दरसाल पेन्शनी, कर्जाचे व्याज, फौजेचा खर्च सोन्यात भागवायचा असे. रुपया घसरला की तेवढ्याच सोन्यासाठी जास्त रुपये गोळा करावे लागत. म्हणून टांकसाळी बंद करून रुपया कृत्रिमरीत्या महाग केला गेला आणि पुढे तो एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला गेला. पंधरा रुपयांना एक सोन्याचा सॉव्हरिन.

हे सारे चालू असताना सुभेदार रामजींचे घर ठराविक पेन्शनीवर चालले होते. मुलाला पुस्तक हवे असले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ही आठवण बाबासाहेबांनीच सांगून ठेवली आहे. ठरलेल्या पैशात जगणाऱ्या घराला महागाई म्हणजे काय हे शिकवायला विद्यापीठ लागत नाही.

१९१२ साली ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रा. सेलिग्मन यांच्यासारखा करशास्त्राचा दिग्गज गुरू मिळाला. १९१५ मध्ये एम. ए. झाले, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर प्रबंध लिहिला. १९१६ मध्ये लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. बडोद्यात काय झाले, पारशी खानावळीतून त्यांना कसे बाहेर काढले गेले, हे आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. ते आम्ही पुन्हा सांगत बसत नाही.

१९१८ चे साल मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती बुडते, असे सगळे पंडित म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. तुकडा लहान की मोठा हे एकरावर ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल, अवजारे आणि हात यांच्या प्रमाणावर ठरते. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकून पडले आहेत. ते राबताना दिसतात, पण त्यांच्या राबण्याने उत्पन्न वाढत नाही. हे हात शेतीबाहेर न्यायचे तर कारखानदारी वाढली पाहिजे. ज्याला पुढे अर्थशास्त्रात छुपी बेकारी म्हणू लागले, ती त्यांनी त्या वेळी बोट ठेवून दाखवली. कारण ते ज्या समाजातून आले होते त्या समाजाकडे तुकडाही नव्हता. त्याच्याकडे फक्त हात होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. घर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, आजूबाजूला गिरणी कामगार. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्य, कापड, रॉकेल सगळे भडकले होते आणि पगार जागच्या जागी होते. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, त्याच्या मुळाशी महागाई होती. लंडनमध्ये बसून हिंदी चलनावर लिहिणाऱ्या पंडितांच्या दाराशी असा संप कधी आला नव्हता. परळच्या चाळीत राहणाऱ्या प्राध्यापकाच्या दाराशी तो होता.

नोकरीतून पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराजांनी हातभार लावला, पारशी मित्र नवल भथेनांनी कर्ज दिले, आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. पाच लेकरांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव राहिले. या घराच्या ताटातला घास कमी करून जो ग्रंथ लिहिला गेला, तो आपल्या कपाटात तरी असावा, एवढी आमची अपेक्षा फार मोठी नाही.

१९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. १९२२ मध्ये काही काळ जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात जायचा घाट घातला. जर्मनीचा मार्क त्या वेळी दिवसागणिक कोसळत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डी. एस्सी.चा प्रबंध लंडनमध्ये सादर झाला. विषय होता रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि त्यावरचा उपाय. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. साम्राज्याच्या चलनधोरणावर इतके कोरडे ओढलेले त्यांना झेपले नाहीत, असेच त्यांचे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला आले, मांडणी नव्याने केली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा धाडला. नोव्हेंबर १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने डी. एस्सी. दिली. डिसेंबरात पी. एस. किंग या प्रकाशकाने तो ग्रंथ काढला, प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. गंमत अशी की कॅनन यांना त्यातले काही निष्कर्ष पटले नव्हते आणि तसे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवले. विरोधी मत असलेल्या गुरूकडून प्रस्तावना घ्यायला धाडस लागते आणि द्यायला मोठेपणा लागतो. आपल्या चळवळीतल्या गटातटांनी हे एवढे जरी घेतले तरी पुष्कळ.

आता ग्रंथात काय आहे ते पाहू. भाषा थोडी जड होईल, पण समाजबांधवांनी कंटाळू नये. जे आपल्या ताटाशी भिडलेले आहे ते समजून घ्यायला कंटाळून चालत नाही.

त्या काळी हिंदुस्थानच्या चलनाला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणत. देशात सोन्याचे नाणे चालत नाही. चालतो चांदीचा रुपया आणि कागदी नोट. सोन्याचा साठा असतो लंडनमध्ये. रुपयाचा सोन्याशी असलेला दर सरकार सांभाळते, आणि रुपये किती पाडायचे हेही सरकारच ठरवते. जॉन मेनार्ड केन्स नावाचा तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ, जो पुढे जगभर गाजला, त्याने १९१३ साली पुस्तक लिहून या पद्धतीची भलामण केली होती. देशात सोने घालवायला नको, कमी खर्चात काम भागते आणि गरजेप्रमाणे चलन वाढवता येते, असा त्याचा मुद्दा.

बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. चलन वाढवता येते हे खरे, पण थांबवते कोण? चांदीचा रुपया जेवढ्या चांदीचा असतो त्यापेक्षा त्याची किंमत जास्त ठेवलेली. म्हणजे एक रुपया पाडला की सरकारला नफा. आणि पाडलेला रुपया देशाबाहेर जाऊ शकत नाही, वितळवून परवडत नाही. तो इथेच फिरत राहतो आणि भाव चढवत राहतो. सरकार म्हणते, बघा, एक शिलिंग चार पेन्स हा दर आम्ही कसा घट्ट धरला आहे! बाबासाहेब विचारतात, दर धरला, पण त्या रुपयात ज्वारी किती येते ते सांगा. महायुद्धापूर्वीच्या बारा-तेरा वर्षांत विलायतेशी असलेला दर जवळजवळ स्थिर होता आणि देशातले भाव मात्र चढत होते. म्हणजे रुपया लंडनच्या व्यापाऱ्यासाठी स्थिर आणि मुंबईच्या हमालासाठी घसरलेला. ज्या देशातल्या बहुसंख्य लोकांनी आयुष्यात कधी हुंडी पाहिली नाही, त्यांच्या चलनाची पारख हुंडीच्या दरावर करणे हा शुद्ध कावा होता.

त्यांचा उपाय स्पष्ट होता. रुपये पाडणे कायमचे बंद करा, लोकांसाठी बंद आहेच, सरकारसाठीही बंद करा. सोन्याची टांकसाळ उघडा, सोन्याचे नाणे चलनात आणा, रुपया आणि सोने यांचे प्रमाण कायद्याने बांधा. सगळ्याचे सार एकच, की चलनाचा आकडा राज्यकर्त्यांच्या मर्जीवर ठेवू नका.

मर्जी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. ज्या समाजाने हजारो वर्षे वरच्यांच्या मर्जीवर पाणवठा, मर्जीवर मजुरी, मर्जीवर सावली सुद्धा सोसली, त्या समाजाचा माणूस अर्थशास्त्रात गेला तरी त्याला मर्जीचा वास लगेच येतो. केन्सला सरकारवर विश्वास ठेवणे सोपे होते. सरकार त्याच्या घरचे होते.

ज्या महिन्यात बाबासाहेबांना डी. एस्सी. मिळाली, त्याच नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. छापखाना सरकारच्या मर्जीवर सोडला की काय होते याचा तो जगातला सर्वांत भयंकर पुरावा. पेन्शनर, नोकरदार, पै पै साठवलेली माणसे रस्त्यावर आली. उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडचे. १९२५ मध्ये चर्चिल अर्थमंत्री असताना पौंड युद्धापूर्वीच्या चढ्या दराने पुन्हा सोन्याला बांधला गेला. इंग्लंडचा माल बाहेर महाग झाला, खाणमालकांनी मजुरी कापायला घेतली, १९२६ मध्ये सार्वत्रिक संप झाला, आणि बेकारांचा आकडा दहा लाखांच्या खाली येईना. एका देशाने पैसा सैल सोडला, तर बचत आणि पगार जळाले. दुसऱ्याने आवळला, तर रोजगार गेले. दोन्हीकडे कारखान्याचा किंवा जमिनीचा मालक कसाबसा तरला आणि ज्याच्याकडे फक्त हात होते तो बुडाला.

याच सुमारास इंग्रज सरकारने हिंदी चलनावर शाही आयोग नेमला, हिल्टन यंग आयोग. बाबासाहेबांनी त्याला लेखी निवेदन दिले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी साक्ष दिली. वय ३४. देशात तेव्हा मोठा वाद पेटला होता, की रुपया एक शिलिंग सहा पेन्स ठेवायचा की एक शिलिंग चार पेन्स? गिरणीमालक आणि निर्यातदार म्हणत होते चार पेन्स, आणि तीच राष्ट्रीय मागणी म्हणून पुढे केली जात होती. जो चार पेन्स म्हणेल तो देशभक्त!

हिशेब घालून पाहू. लासूरचा माल इंग्लंडात विकून अठरा पेन्स आले असे धरा. एक शिलिंग सहा पेन्स म्हणजे अठरा पेन्स, तेव्हा या दराने हातात येतो एक रुपया. दर एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स केला, तर त्याच अठरा पेन्सांचे येतात एक रुपया दोन आणे. विलायतेच्या गिऱ्हाइकाने एक पेनीसुद्धा जास्त दिलेली नाही. मग हे दोन आणे आले कुठून? बाबासाहेबांचे उत्तर असे, की रुपया स्वस्त झाला की देशातले भाव चढतात. मजुरी मात्र तशी चढत नाही, मागून रखडत येते. मालकाला मिळालेले दोन आणे परदेशातून आलेले नसून आपल्याच देशातल्या मजुराच्या आणि पगारदाराच्या ताटातून उचललेले आहेत. राष्ट्राचा फायदा म्हणून जो सांगितला जातो, तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून काढून घेतलेला असतो. तेव्हाच्या देशभक्तीच्या गदारोळात हे उघड सांगणारे किती जण होते?

इथे आमचा शेतकरी वाचक हरकत घेईल, आणि ती योग्य आहे. भाव चढले तर शेतकऱ्याचे भले होत नाही का? ज्याच्याकडे विकायला माल उरतो त्याचे होते. पण कोरडवाहू दोन एकरवाला दिवाळीपर्यंत स्वतःचे धान्य खातो आणि नंतर विकत घेतो. वर्षातले सहा महिने तो शेतकरी आणि सहा महिने मजूर. लासूर स्टेशनच्या बाजार समितीत आज जा. कांदा घेऊन आलेला बाप आणि कांद्याच्या गोण्या उचलणारा लेक एकाच घरातले सापडतील. भाव पडला की बाप मरतो, भाव चढला की लेकाची मजुरी पुरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महागाईच्या नावाखाली कांदा निर्यात बंद केली ती थेट मे २०२४ मध्ये उठवली. शहरातली महागाई रोखायला खेड्यातल्या बापाची मान पकडली गेली. बापाचे गेले, म्हणून लेकाची मजुरी काही वाढली नाही.

बँकांच्या जगातही आज हेच भांडण वेगळ्या शब्दांत चालू आहे. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त करून रिझर्व्ह बँकेला महागाई चार टक्क्यांवर, दोन टक्के अलीकडे-पलीकडे, ठेवण्याचे काम दिले गेले आणि व्याजदर ठरवायला सहा जणांची समिती नेमली गेली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर १९७७ पासून भाव स्थिर ठेवण्याबरोबर रोजगाराचीही कायदेशीर जबाबदारी आहे. न्यूझीलंडने आधी फक्त महागाई, मग २०१८ मध्ये रोजगारही, आणि २०२३ मध्ये पुन्हा फक्त महागाई, असे तीन फेरे घेतले. व्याज वाढवले की महागाई आवरते पण धंदे थंडावून बेकारी वाढते, व्याज उतरवले की उलटे होण्याचा धोका, हे सगळ्यांना माहीत आहे. मग कोणता चटका कुणी सोसायचा हे ठरवणाऱ्या सहा खुर्च्यांवर शेतमजुराच्या पायलीचा विचार करणारा कुणी बसला आहे का, हे विचारायला काय हरकत आहे?

पुन्हा चरित्राकडे येऊ. १९२६ मध्ये आयोगाचा अहवाल आला. त्याने एक शिलिंग सहा पेन्सांचा दर आणि एका मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ज्या आयोगाच्या अहवालातून ती उभी राहिली, त्या आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली होती, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण फलकावरच्या एका ओळीवर समाधान मानणाऱ्यांना आम्ही सांगू, की बाबासाहेबांची खरी मागणी बँकेच्या इमारतीची नव्हती. राज्यकर्त्यांच्या हातातून मनमानी काढून घ्या, ही होती. ती आयोगाने मानली नाही. त्यांना बँकेचे जनक म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांचा प्रश्न टाळणे आहे. असाच दुसरा प्रकार नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीच्या वेळी झाला. दर दहा वर्षांनी नोटा बदलाव्यात असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे, असा प्रचार गल्लोगल्ली झाला. आम्ही ग्रंथ चाळला, आम्हाला असे वाक्य कुठे आढळले नाही. राज्यकर्त्यांच्या लहरीवर चलन सोडू नका, असे सांगणाऱ्या माणसाला एका रात्रीत झालेल्या नोटाबंदीचा साक्षीदार केले गेले. आपल्यातले काही जण त्यावर टाळ्याही वाजवत होते!

१९२९ नंतर जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, सावकाराचे कर्ज आणि सरकारी सारा मात्र तेवढाच राहिला. १९३१ मध्ये इंग्लंडने सोने सोडले आणि रुपयाला तसाच पौंडाच्या शेपटीला बांधून ओढत नेले. बायाबापड्यांच्या अंगावरचे सोने मोडून परदेशी गेले. जे देश सोन्याला घट्ट धरून बसले त्यांची बेकारी अधिक लांबली आणि शेवटी जगाने सोने सोडलेच. १९७१ मध्ये अमेरिकेनेही डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. तेव्हा १९२३ चा सुवर्णाचा उपाय आज जसाच्या तसा लागू करा, असे कुणी म्हणू नये. बाबासाहेबांचे औषध त्या काळाचे होते. रोगाचे निदान अजून जुने झालेले नाही.

१९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादला थांबले. लासूरपासून हे स्टेशन काही दूर नाही. किल्ल्याच्या दारातल्या हौदावर या मंडळींनी धुळीने भरलेले हातपाय धुतले, म्हणून हौद बाटवला असा गलका झाला. मोठ्या वादावादीनंतर आत सोडले ते शिपाई बरोबर देऊन, आत पाण्याला कुठे हात लावू नये म्हणून. लंडनच्या विद्यापीठाने चलनशास्त्राचा डॉक्टर केलेला माणूस निजामाच्या मुलखात ओंजळभर पाण्याला महाग होता. निजामाचा हाली रुपया मात्र कुणाच्याही हातातून कुणाच्याही हातात जात होता, तो कधी बाटला नाही.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३८ मध्ये संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरवले, आणि १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते सांभाळले. ही चार वर्षे रुपयाच्या इतिहासातली फार वाईट वर्षे. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च इंग्लंडने हिंदुस्थानच्या नोटा छापून भागवला. इंग्लंडने लंडनमध्ये उधारीची कबुली लिहून द्यायची आणि रिझर्व्ह बँकेने तिच्या आधारावर इकडे नोटा काढायच्या! युद्धकाळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. त्यात भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर जास्त, कारण तांदूळ होता पण मजुरीत येत नव्हता. मध्यवर्ती बँक असूनही राज्यकर्त्याची मर्जी कशी चालते, हे वीस वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी लिहिलेले त्यांच्याच डोळ्यांपुढे घडले. चलनाचे खाते त्यांच्या हाती नव्हते. जे होते त्यात त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवले, कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मांडले, आणि युद्धानंतर बेकार होणाऱ्या सैनिकांसाठी व कामगारांसाठी सेवायोजन कार्यालये त्यांच्याच खात्यातून उभी राहिली. आपल्या पोरांनी ज्या कार्यालयात कार्डे काढली, ती याच खात्याची देणगी.

१९४७ मध्ये त्यांनी तो जुना ग्रंथ हिंदी चलन आणि बँकव्यवहाराचा इतिहास, खंड पहिला, या नावाने पुन्हा छापला. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहायचा बेत त्यांनी जाहीर केला होता. त्याच ऑगस्टात ते कायदेमंत्री झाले आणि मसुदा समितीचे काम अंगावर पडले. त्या राज्यघटनेच्या केंद्रसूचीत चलन, नाणी आणि रिझर्व्ह बँक हे विषय गेले. हैदराबादचा हाली रुपया पुढे १९५० च्या दशकात चलनातून गेला, आणि लासूर स्टेशनपासून नगरसोलपर्यंत एकच रुपया चालू लागला. पहिला ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात छापला आहे. दुसरा खंड, ज्यात हिल्टन यंग आयोग, मंदी, पौंडाची शेपटी आणि युद्धातल्या नोटा यांचा हिशेब आला असता, तो लिहायला ६ डिसेंबर १९५६ पर्यंत त्यांना सवड मिळाली नाही.